सुनिताबाईंच्या बोटाखालची मात्रा

दुर्गच्या कचेरीसमोर भैयालाल साहूचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला लागून एक लांब बाक. शपथपत्रं, अर्ज, भाड्याचे करार, नाव दुरुस्तीचे कागद असं सगळं तिथं हिंदीत टाइप होतं. सकाळी नऊपासून एक-दीडपर्यंत त्या खुर्चीवर कवडूभाऊ निनावे बसतात आणि त्यानंतर सहापर्यंत सुनिता गजभिये. सुनिताबाई आणि आम्ही मरोद्याला एकाच लाइनीत राहतो. त्यामुळे गेल्या वर्षी त्यांच्यासोबत जे झालं, त्यातलं थोडं मी पाहिलं आणि बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐकलं.

सुनिताबाई बावन्न वर्षांच्या. वडील भंडाऱ्याकडून येऊन पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले, नवरा नागसेन चरोद्याला रेल्वे यार्डात. बारावी झाल्यावर वडिलांनी त्यांना पॉवर हाउस नावाच्या वस्तीतल्या एका टायपिंग क्लासमध्ये घातलं. तेव्हा टाइपरायटर होते. शिकवणारे सर पोरींच्या दोन्ही हातांवर एक मोठा रुमाल पसरून टाकायचे, म्हणजे कोणी बटणांकडे बघायलाच नको. सहा महिने त्या रुमालाखाली हात घालून सुनिताबाई शिकल्या. पुढे कॉम्प्युटर आले, पण अक्षरांच्या जागा जवळपास त्याच राहिल्या आणि सुनिताबाईंची सवयही. त्यांची नजर हाताने लिहिलेल्या कागदावर असते आणि बोटं खाली आपापली चालतात. कोणतं अक्षर कुठल्या बटणावर आहे असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. हवेत बोट हलवून पाहतात आणि मग सांगतात. बटणांवर छापलेली इंग्रजी अक्षरं तर कधीच पुसून गेली होती, आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी कॉलेजात शिकणारी एक मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शपथपत्र करायला आली. सुनिताबाईंनी नेहमीसारखं अर्धं पान एका दमात टाइप केलं आणि मान वर केली. पडद्यावर लिहिलं होतं, ‘मठं शपथपूर्वक कथन करती हूँ कि मइरइ पिता...’

‘मैं’चं ‘मठं’ झालं होतं आणि ‘मेरे’चं ‘मइरइ’. खाली जिथं जिथं ‘के’ पाहिजे तिथं ‘कइ’, ‘से’ पाहिजे तिथं ‘सइ’, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘है’ऐवजी ‘हठ’. बाकी सगळं बरोबर. फक्त वरची एक मात्रा गायब होऊन तिच्या जागी इ आणि दोन मात्रांच्या जागी ठ येऊन बसला होता.

सुनिताबाईंनी ते पुसलं आणि पुन्हा टाइप केलं. पुन्हा ‘मठं’. तिसऱ्यांदा एकेक बटण थांबून थांबून दाबलं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट दाबलं की इ उमटायचा. मग मात्रा कुठं गेली? त्यांनी इकडचं तिकडचं दाबून पाहिलं, तेव्हा ती खालच्या ओळीत सापडली, जिथं एरवी इ असतो. मुलगी बाकावरून म्हणाली, “आंटी, टाइम लगेगा क्या?” सुनिताबाईंनी कसंबसं एकेक मात्रा वेचून कागद पुरा केला. पंधरा मिनिटांच्या कामाला एक तास लागला.

दुसऱ्या दिवशी कवडूभाऊ खुर्चीवरून उठायच्या आत त्या दुकानात पोचल्या.

“कवडूभाऊ, कीबोर्ड बिघडला का जी? काल मात्राच नाही लागून राहिली होती.”

“कोणती मात्रा?”

“अजी, वरची. मेरे, के, से, सगळ्यातली.”

कवडूभाऊंनी त्यांच्यासमोरच टाइप केलं: ‘मेरे पति के नाम से’. अगदी स्वच्छ उमटलं. “चांगलाच तं आहे,” ते म्हणाले, कॉम्प्युटर बंद केला, बॅग उचलली आणि गेले. सुनिताबाईंनी खुर्चीवर बसून तो सुरू केला. त्यांनीही तेच टाइप केलं. त्यांचंही बरोबर आलं. दिवसभर एक चूक झाली नाही.

मग काल काय झालं होतं?

गुरुवारी पुन्हा ‘मठं’. मात्रा जिथं सापडली होती तिथं बोट नेऊन नेऊन त्यांनी काम केलं आणि संध्याकाळपर्यंत बोटाला ती नवी जागा सवयीची झाली. शुक्रवारी त्या नव्या जागेवरच बोट गेलं आणि इ आला. म्हणजे मात्रा परत तिच्या जुन्या जागी. आता सुनिताबाईंना नेमकं कळेना की चूक कोणती. काल बरोबर होतं ते आज चूक, आणि मंगळवारी जे चूक वाटलं तेच आज बरोबर. दोन दिवसांत त्यांच्या हाताला दोन्ही जागा अर्ध्या-अर्ध्या ठाऊक झाल्या आणि भरवसा एकीचाही राहिला नाही.

घरी हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्याला कारण होतं. त्यांची माय शेवंताबाई शेवटची चार वर्षं सगळं विसरत गेली होती, आणि ते विसरणं नावांपासून किंवा रस्त्यांपासून सुरू झालं नव्हतं, हातांपासून झालं होतं. पन्नास वर्षं भाकरी थापलेली बाई एका सकाळी परातीपुढे बसून लेकीला म्हणाली, “सुनिता, पीठ पयले टाकतेत का पाणी?” सगळे हसले होते. शेवंताबाईही हसली होती. त्यानंतर लुगड्याचा काष्टा गेला, मग वेणी, मग घास तोंडापर्यंत नेणं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नागसेन आपल्या ड्यूट्या लिहायचे. त्याच कॅलेंडरवर, ज्या दिवशी हात चुकायचा त्या तारखेच्या कोपऱ्यात सुनिताबाई पेनानं बारीक फुली मारू लागल्या. मुलगी शालूनं ते पाहिलं.

“आई, ये क्रॉस किसलिए मार रही है?”

“काही नाही. गॅसचा हिशेब आहे.”

“गॅस का? इतना जल्दी-जल्दी?”

“तुले काय करा लागते? जा, आंघोळ कर.”

पोळ्या लाटताना, बसस्टॉपवर उभं असताना, झोपायच्या आधी चादरीवर त्या बोटं चालवून पाहायच्या. मेरे, के, से, है. बोट बरोबर जागी जायचं. म्हणजे जातं असं वाटायचं. चादरीवर काय उमटलं ते कोण सांगणार?

शनिवारी त्यांनी भैयालालला कीबोर्ड बदलायला सांगितलं. भैयालाल स्वभावानं बरा माणूस. “दीदी, पुराना हो गया होगा,” म्हणाला आणि त्याच संध्याकाळी नवा आणून लावला. सोमवारी सगळं सुरळीत चाललं. सुनिताबाईंच्या जिवात जीव आला. येताना त्यांनी आमच्या दारात थांबून मला दोन संत्री दिली, इतक्या त्या खूश होत्या. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “आज काय विशेष?” तर म्हणाल्या, “काही नाही जी, असंच.”

मंगळवारी नव्या कीबोर्डवरही ‘मठं’ आला.

जुना कीबोर्ड गेला, नवा आला, कवडूभाऊ दोन्हींवर बरोबर टाइप करत होते. मशीन चांगलं. बटणं चांगली. मग उरलं काय? आपण स्वतः.

त्या आठवड्यात त्या एकट्या रेल्वेच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळानं परत विचारली. घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात-सात कमी करत जायला सांगितलं. सुनिताबाईंनी सगळं न चुकता केलं.

“तुम्हाला काही झालेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “झोप होते ना? चष्मा कधी बदलला?”

“पन मॅडम, हात चुकून राहिला.”

“कोणता हात?”

“डावा. एकच बोट. अन् तेही रोज नाही.”

डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं. बोट चांगलं होतं. त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. सुनिताबाई बाहेर आल्या तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळल्या होत्या. काही निघालं असतं तर निदान त्याला नाव तरी मिळालं असतं.

घरी गोळ्या पाहून नागसेननं विचारलं, “कायच्या गोळ्या आहेत?”

“थकवा येऊन राहिला.”

“तं काम सोड ना. कोण म्हनते करच म्हणून?”

ते सहज म्हणाले होते, पण त्या रात्रभर तेच डोक्यात घेऊन पडून राहिल्या. तेहतीस वर्षं जे हात न बघता चालले, ते आता बघितल्याशिवाय चालत नाहीत. सोडावं का? सोडून घरी बसलं आणि मग घरचंही एकेक चुकत गेलं तर? सकाळी उठून त्यांनी भाजीत मीठ घातलं आणि पाच मिनिटं गॅसपुढे उभ्या राहिल्या. घातलं की घालायचं होतं? चाखून पाहिलं. घातलं होतं.

असे तीन आठवडे गेले. कॅलेंडरवर नऊ फुल्या झाल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी सुनिताबाई दुकानात पोचल्या तेव्हा कवडूभाऊ अजून खुर्चीवरच होते. चरोद्याच्या अन्नपूर्णाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई बाकावर बसल्या होत्या. नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदात त्यांचं नाव चुकलं होतं, त्याच्या दुरुस्तीचं शपथपत्र चाललं होतं. अर्धं झालं आणि लाइट गेली. दहा मिनिटांनी आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि कवडूभाऊ म्हणाले, “सुनिताबाई, तुमी जरा वाचून सांगा, म्हणजे लवकर होईन. नोटरी तीनले उठते.”

सुनिताबाई त्यांच्या मागे उभ्या राहून कागद वाचू लागल्या. “मेरे पति के नाम से जारी...” वाचता वाचता त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

‘मइरइ पति कइ नाम सइ’.

त्यांचं वाचणं तिथंच थांबलं. क्षणभर त्यांना वाटलं, आता डोळेही गेले. माझे हात चुकायचे ते चुकायचे, आता दुसऱ्यानं लिहिलेलंही मला चुकीचं दिसायला लागलं. त्यांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

“कवडूभाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “हे काय लिहिलं आहे, वाचा बरं.”

कवडूभाऊंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माऊस धरला आणि कोपऱ्यातल्या एका लहानशा चित्रावर दोनदा दाबलं. एक खिडकी उघडली आणि मिटली. मग त्यांनी ती ओळ पुसून पुन्हा टाइप केली. ‘मेरे पति के नाम से’.

“हे काय केलं तुमी?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? मी पाह्यलं ना! काय दाबलं?”

“बाई, आधी यांचं होऊ द्या,” कवडूभाऊ अन्नपूर्णाबाईंकडे मान करून म्हणाले.

सुनिताबाईंनी उरलेला कागद वाचून सांगितला. आता मात्र त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, कवडूभाऊंच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. करंगळीशेजारचं बोट वर उचललेलं होतं, कुठंच टेकत नव्हतं. मात्रा यायची वेळ झाली की त्याच्या पलीकडचं दुसरं बोट, अंगठ्याजवळचं, खालच्या ओळीत उतरायचं. इतकी वर्षं एकाच खुर्चीवर काम करून त्यांनी कवडूभाऊंचे हात कधी पाहिले नव्हते.

अन्नपूर्णाबाई कागद घेऊन नोटरीकडे गेल्या. कवडूभाऊ म्हणाले, “चला, चहा घेऊ.”

चहाच्या ठेल्यावर त्यांनी गरम काचेचा गिलास त्या बोटाला लावून धरला. बराच वेळ धरला. “काही समजत नाही,” ते म्हणाले. “दिवाळीपासून असंच आहे. शुगरची बिमारी. बोट आहे पन नसल्यासारखं. बटण दाबलं का नाही तेच कळे नाही. अन् मात्रा तं त्याच बोटावर. हिंदीत मात्रेशिवाय एक ओळ होते का?”

“मग?”

“आमची सून नीतू आहे ना, रायपूरले कॉम्प्युटरचं काम करते. तिनं मागच्या महिन्यात एक लहानसा प्रोग्राम करून देला. तो चालू केला का मात्रा इ च्या जागी येते अन् इ मात्रेच्या जागी जाते. दोघांची अदलाबदल. मी सकाळी चालू करतो, जाताना बंद करतो.”

“रोज बंद करता?”

कवडूभाऊंनी गिलास खाली ठेवला. “मी ती खिडकी बंद करत होतो. मले वाटे, खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्राम बंद झाला. तसं नसते म्हणे. कंदी मी पूरा कॉम्प्युटरच बंद करून जावो, तवा बंद होये. कंदी लाइट गेली तवा होये. बाकीच्या दिवशी तो तुमच्यावरच चालू राहे.”

“तुमाले समजलं कवा?”

“तुमी कीबोर्ड बदलाले लावला तवा डोक्यात आलं. मग नीतूले फोन करून विचारलं.”

“म्हणजे दोन हप्ते झाले!”

“हाव.”

“तं सांगतलं कावून नाही?”

“टायपिस्टचं बोट गेलं म्हणून कोणाले सांगू, बाई? भैयालालच्या कानावर गेलं असतं. मी आठवण ठेवून बंद करत होतो त्यानंतर. तरी चार-पाचदा विसरलो.”

सुनिताबाई काही तरी बोलायला गेल्या. “मी दवाखान्यात जाऊन आली, कवडूभाऊ. मले वाटलं का मायसारखं...” त्यांनी चहा तसाच ठेवला आणि दुकानाकडे चालू लागल्या. त्या दिवशी त्यांना हसू यावं की रडू यावं तेच कळत नव्हतं, असं त्यांनी मला सांगितलं. वेड लागलं नव्हतं हे कळून सुटल्यासारखं वाटत होतं. आणि दुसऱ्याच्या बोटाच्या दुखण्यानं आपल्या रात्री खाल्ल्या म्हणून संतापही येत होता. पण त्या बोटाला लावलेला गरम गिलास आठवला की संताप पुरता चढतही नव्हता.

दोन दिवस त्या कवडूभाऊंशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कवडूभाऊंनी स्वतःच भैयालालला सगळं सांगून टाकलं. भैयालालनं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “तो पहले बोलना था न भैया. मैं दीदी के लिए कीबोर्ड बदलता बैठा हूँ इधर,” एवढंच तो म्हणाला. रविवारी नीतू रायपूरहून आली आणि तिनं कॉम्प्युटरमध्ये दोन नावं घातली. आता सुरू करताना दोन चौकोन येतात. कवडूभाऊंच्या नावावर दाबलं तर मात्रा त्यांच्या जागी, सुनिताबाईंच्या नावावर दाबलं तर तिच्या मूळ जागी.

“आत्या, आता नाही होणार गडबड,” नीतू म्हणाली.

गडबड झालीच, कारण हातांना नवी नावं कोण सांगणार? सुनिताबाईंचं बोट तीन आठवड्यांत दोन जागा शिकलं होतं, आणि त्यातली एक विसरायला त्याला महिना लागला. घाईत असल्या की मात्रा खालच्या ओळीत शोधायच्या. शांत असल्या की बरोबर यायची. शालूला आणि नागसेनला त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा नागसेन खूप हसले आणि शालू आईच्या गळ्यात पडून म्हणाली, “तू पागल है क्या, अकेली दवाखाने चली गई?”

एप्रिलमध्ये एकदा सुनिताबाई कॅलेंडरचं ते पान घेऊनच दुकानात गेल्या आणि कवडूभाऊंसोबत फुल्या लावून पाहू लागल्या. आठ तारखा जुळल्या. कोणत्या दिवशी ते बंद करायला विसरले, कोणत्या दिवशी घाईत उठले, सगळं आठवलं. नववी तारीख एका बुधवारची होती.

“या दिवशी तं मी आलोच नोहोतो,” कवडूभाऊ म्हणाले. “राजनांदगावले साळ्याच्या पोराचं लग्न होतं. भैयालालनंच दुकान उघडलं होतं, त्याले इचारा.”

भैयालालही तेच म्हणाला. त्या दिवशी कॉम्प्युटर सुनिताबाईंनीच सुरू केला होता. प्रोग्राम कोणी चालू केला नव्हता.

“त्या दिवशी तुमी नव्या जागेची सवय झाल्यानं चुकल्या असान,” कवडूभाऊ म्हणाले. हे पटण्यासारखं आहे. सुनिताबाईंनाही पटलं. पण त्या बुधवारी मात्रा नव्या जागी दाबली होती की जुन्या, ते त्यांना काही केल्या आठवत नाही. मला त्यांनी तीनदा विचारलं, “तुमाले काय वाटते जी?” मी तीनदा सांगितलं की सवयच असेल. त्यांनी तीनदा मान हलवली.

मागच्या महिन्यात माझ्या आधार कार्डावरच्या पत्त्याचा अर्ज करायचा होता म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्या पटापट टाइप करत होत्या, नजर माझ्या कागदावर, हात खाली. मात्रा आली की मात्र हात किंचित रेंगाळायचा, आणि मग पुढे जायचा. प्रिंट निघाल्यावर त्यांनी तो कागद माझ्यापुढे केला.

“एकदा वाचून घ्या,” त्या म्हणाल्या. “सगळा वाचा. मात्रा पाहा.”

मी वाचला. सगळ्या जागच्या जागी होत्या.